सातव्या ओळीतली रेघ

१

चोरी उघडकीला आली तेव्हा दगड जागेवरच होता. म्हणूनच तर इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

झालं असं, की सोमवारी वरच्या कचेरीची गाडी टेकडीवरच्या पडक्या देवळाशी आली. उत्तरेची भिंत कधीही बसेल, तेव्हा तिच्यातला शिलालेख काढून संग्रहालयात हलवा, असा हुकूम होता. आमच्या पुरातत्त्व कचेरीचे साहेब दौऱ्यावर. त्यांना विचारायला कुणी थांबलं नाही. चार माणसांनी पहारी लावून दगड सुटा केला, आडवा केला, आणि त्याची पाठ बघून चौघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. आठशे वर्षांपूर्वीचा दगड छिन्नीने फोडून काढलेला, त्याची पाठ ओबडधोबड असायला हवी. या पाठीवरचा चुना पहारीने सुटला होता आणि खाली यंत्राच्या करवतीचे गोल ओरखडे होते. अस्सल दगड कधीच कुणीतरी उचलला होता आणि त्याच्या जागी नक्कल बसवून मोकळा झाला होता.

मला हे मंगळवारी सकाळी कळलं. माझी पुतणी दारात उभी, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात कागद.

"काकू, सगळं बाबांवर आलंय."

तिचे बाबा म्हणजे माझे धाकटे दीर. एकोणीस वर्षं त्या देवळाचे राखणदार, देवळामागच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. कागदावर आमच्या साहेबांची सही होती, दौऱ्याच्या गावाहून पाठवलेली. बुधवारी दुपारी बारापर्यंत खुलासा द्या, नाहीतर पोलिसांत तक्रार.

"आणि बाबा काय म्हणतात?"

"काहीच नाही. ताकास तूर लागू देत नाहीत. मान खाली घालून बसलेत."

हे मला आवडलं नाही. ज्याने काही केलेलं नाही तो माणूस निदान आरडाओरडा तरी करतो.

मी कोण, तर ठसेवाली. दगडावरचा लेख कागदावर उतरवायचं काम मी कचेरीत तीस वर्षं केलं. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांच्या खोबणीत बसवायचा, मग वरून शाईचा बोळा फिरवायचा. दगडाचा सपाट भाग कागदावर काळा उमटतो, खोदलेली अक्षरं पांढरी राहतात. लोकांना वाटतं सोपं आहे. करून बघा म्हणावं. या देवळातल्या लेखाचा ठसाही मीच घेतलेला, सव्वीस वर्षांपूर्वी. माझ्या ठशावर कधी सुरकुती पडली नाही, असं कचेरीत आजही सांगतात आणि मी ऐकून घेते.

मी जुनी टाचणवही पिशवीत टाकली आणि चपला घातल्या.

"हळू चालव," मी म्हटलं. "माझी हाडं बदलून मिळायची नाहीत."

२

देऊळ कसलं, देवळाची हाडं उरलीत. शिखर कधीच कोसळलंय. सभामंडपाच्या सोळा खांबांपैकी पाच आडवे. गाभाऱ्यात देव नाही, देवाची बैठक तेवढी आहे, तीही दुभंगलेली. छताच्या फटीतून झाडाची मुळं भिंतीवरून खाली उतरलीत आणि वटवाघळांचा वास पायरीपासूनच नाकात शिरतो. एका खांबावर कुणीतरी बदाम कोरून आत दोन अक्षरं लिहिलीत. भाऊजी येणाऱ्यांची नोंद ठेवतात. गेल्या वर्षी बारा जण आले, त्यांतले चार रस्ता चुकून.

भाऊजी पडवीत बसले होते. मला बघून उठले, चहा ठेवला, कप माझ्या पुढ्यात सरकवला. नजर काही वर उचलली नाही.

"भाऊजी, हा दगड यापूर्वी भिंतीतून कधी बाहेर आला होता?"

"सहा वर्षांपूर्वी. तो कोपरा फुगला होता. उतरवून पुन्हा रचला. पंधरा दिवस काम चाललं."

"तेवढे दिवस दगड कुठे होता?"

"माझ्या मागच्या खोलीत. कुलपात."

"किल्ली?"

"माझ्याकडे."

"पंधराही दिवस?"

"माझ्याकडेच, वहिनी." त्यांचा अंगठा कपाच्या कानावरून पुढेमागे फिरत होता. माझं लग्न झालं तेव्हापासून मी या माणसाला ओळखते. खोटं बोलताना त्यांच्या हातांना चैन पडत नाही.

मी उठून दगडापाशी गेले. मंडपात गोणपाटावर तो उताणा ठेवला होता. नक्कल करणारा हात कसलेला होता, यात वाद नाही. अक्षरांची वळणं, झिजलेल्या कडा, सगळं हुबेहूब. मी टेप काढली, पहिली ओळ मोजली आणि टाचणवही उघडली. वहीत माझ्याच अक्षरात होतं: पहिली ओळ, एकशे अठरा सेंटिमीटर. टेप म्हणत होती एकशे सोळा.

पुन्हा मोजली. एकशे सोळाच. दुसरी ओळही तेवढीच आखूड, तिसरीही.

अस्सल दगडावरून साचा घेतला असता तर माप तंतोतंत आलं असतं. हे माप आखडलं होतं. आणि आमच्या धंद्यात आखडणारी वस्तू एकच. ओला कागद सुकला की बोटभर आत जातो. ज्याने हा दगड कोरून घेतला त्याने अस्सल दगडाला हातही न लावता कोरून घेतला होता. त्याच्यासमोर ठसा होता. माझा ठसा.

३

"बाई, तुम्ही उन्हात कशाला आलात? मला निरोप द्यायचा, गाडी पाठवली असती."

साहेब दौऱ्यावरून परस्पर इकडेच आले होते. साहेब म्हणायचं ते आता. सव्वीस वर्षांपूर्वी हा कचेरीत उमेदवार म्हणून लागला तेव्हा शाई कशी कालवायची ते मीच शिकवलं होतं. माझ्या डब्यातलं निम्मं तोच खायचा. निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांसमोर वाकून पाया पडला. मुलगा नाही मला; असता तर असा असावा, असं मी त्या दिवशी घरी जाऊन यांना म्हटलं होतं.

"माझा दीर आहे तो," मी म्हटलं. "यायला नको?"

"मलाही जड जातंय, बाई. पण दगड पंधरा दिवस त्यांच्या खोलीत. किल्ली त्यांच्याकडे. दुसऱ्या कुणावर संशय घेऊ सांगा." त्यांनी दगडावर बोट टेकवलं. सातव्या ओळीवर एक तिरकी रेघ होती, वीतभर लांब, केसाइतकी बारीक. "आणि ही भेग. काल माणसांनी आपटला असणार. नक्कल का होईना, पुरावा आहे. जपून ठेवायला नको?"

भाऊजी पडवीतून ऐकत होते.

साहेब मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटेल, पण ते आधी आपल्याकडे शिपाई होते हे विसरू नका. तुमच्या कपाटापासून दप्तराच्या खोलीपर्यंत कुठे काय ठेवलेलं असतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?"

खरं होतं ते. इथे येण्याआधी भाऊजी आमच्याच कचेरीत शिपाई होते. मी विषय तिथेच सोडला आणि टेप पिशवीत टाकली. ती तिरकी रेघ मात्र डोक्यातून जाईना. कुठेतरी बघितली होती ती. पण या दगडावर नव्हे.

४

सहा वर्षांपूर्वी तो कोपरा रचणारा पाथरवट गावाबाहेर राहतो. अंगण म्हणजे सगळी दगडाची कपची. आम्ही गेलो तेव्हा तो पाट्याला टाकी लावत होता. मला बघून थांबला नाही.

"आधीच सांगतो बाई, मी फक्त रचला. त्या खोलीतून दगड बाहेर आला तसा उचलला आणि बसवला."

"पाठ नाही बघितली?"

"पाठ चुन्याने माखलेली होती. म्हटलं जुना चुना असेल."

"जुना चुना तुला कळत नाही?"

आता हातोडी थांबली. "कळतो. ओलसर होता थोडा. मी विचारायला हवं होतं, नाही विचारलं. साहेब लोकांचं काम, आपण कशाला नाक खुपसा."

"खोलीचं कुलूप कुणी उघडलं त्या दिवशी?"

"उघडंच होतं."

माणूस धड खोटंही बोलत नव्हता आणि धड खरंही. मी पिशवीतून कागद काढला. दगडावर ठेवून पेन्सिल घासून ती रेघ उतरवून आणली होती. त्याने कागद उजेडात धरला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"ही भेग नाही."

"मग?"

"भेग दगडाच्या थराच्या कलाने जाते. ही थर तोडून आडवी गेलीय. आणि दोन्ही टोकांना बघा, सारखीच निमुळती. ही छिन्नीने मुद्दाम काढलीय. ज्याने नक्कल केली त्याला वाटलं असणार, मुळातच भेग आहे. समोर जे दिसलं ते त्याने इमानदारीने कोरलं."

मी त्याच्या पाट्यावरच बसले. समोर जे दिसलं ते. कागदावर जे जे पांढरं दिसलं ते.

आता सांगूनच टाकते, कारण लपवून काही हाती लागायचं नाही. माझ्या ठशावर सुरकुती पडली होती. तीस वर्षांत एकदाच, आणि ती याच लेखावर, सातव्या ओळीत. वारा आला, कागद उचलला गेला, बसताना तिरका चुणला. चुणीच्या आत शाई पोचली नाही आणि एक पांढरी रेघ राहिली. मी लगेच दुसरा ठसा घेतला, तो निर्मळ उतरला, तोच दप्तरात गेला. सदोष ठसा फाडून टाकायचा आणि रजिस्टरमध्ये तसं लिहून सही करायची, असा नियम आहे. मी लिहिलं. सही केली. फाडला मात्र नाही. दिवसभराचा घाम होता तो, हात धजला नाही. गुंडाळून माझ्या कपाटात मागे सारला. वर्षभराने बघितलं तर नव्हता. आवराआवरीत गेला असेल म्हणून मी गप्प बसले. बोंब कशाची मारणार? तो कागद तर नियमाप्रमाणे जगात नव्हताच.

म्हणजे चोराने वापरलेला कागद तोच, आणि चोर माझ्या कपाटाला हात घालणारा कुणीतरी. कपाटं झाडायचं काम तेव्हा शिपायाचं होतं. आणि त्या दिवशी वाऱ्यात कागदाचा दुसरा कोपरा धरून जो उभा होता, तोही शिपाईच. माझे भाऊजी.

५

मी तशीच पुन्हा टेकडीवर गेले. पुतणीला खालीच थांबवलं. जे विचारायचं होतं ते तिच्यासमोर विचारवलं नसतं.

"भाऊजी, माझ्या कपाटातला कागद तुम्ही घेतलात?"

त्यांनी मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि असं बघितलं की जणू काही केलं असेल तर ते मीच.

"नाही," ते म्हणाले.

"मग कुणी?"

"वहिनी, तुम्ही या भानगडीत पडू नका. घरी जा." आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

मी त्या बंद दाराकडे बघत उभी राहिले. नवऱ्याच्या सख्ख्या भावावर मी चोरीचा आळ घेतला होता आणि तो खोटा आहे असं मला मनापासून वाटतही नव्हतं.

६

उरले प्राध्यापक. हा लेख पहिल्यांदा त्यांनी वाचला आणि त्याच्यावर जन्मभराचं नाव कमावलं. माझ्या निर्मळ ठशाची एक प्रत त्यांच्याकडे असते, आणि कोपरा उतरवला तेव्हा तेही तिथे दोन खेपा घालून गेले होते. संशय घ्यायला आणखी काय लागतं?

बुधवारी सकाळी आठ वाजताच आम्ही त्यांचा जिना चढलो. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. पुस्तकांमुळे खोलीत माणसाला बसायला जागा नाही.

"तुम्ही मला चोर समजून आलात," त्यांनी दारातच सांगितलं.

"आलेय खरी. ठसा दाखवा."

त्यांना उलट मजा वाटली. कपाटावरची नळी काढली, कागद टेबलावर उलगडला. मी पहिली ओळ मोजली. एकशे सोळा, सुकून आखडलेला. सातव्या ओळीवर भिंग फिरवलं. स्वच्छ. रेघ नाही.

"काय शोधताय?"

"सातव्या ओळीवर तिरकी रेघ. भेगेसारखी."

प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "गंमत आहे. ही भेग मी एकदा वाचली आहे."

"वाचली?"

"कुणीतरी लिहिली होती. पंचवीसेक वर्षं झाली. एका उमेदवाराने त्या देवळावर लेख छापला होता. मी समासात लिहून ठेवलंय, गृहस्थ देवळात गेलेलाच दिसत नाही." ते गुडघ्यावर बसले आणि खालच्या फळीतून जुन्या अंकांचा गठ्ठा ओढायला लागले. अर्धा तास गेला. धूळ, खोकला, चहा. शेवटी एक पिवळा पडलेला अंक त्यांनी माझ्यासमोर उघडून धरला.

छापलं होतं: "सातव्या ओळीवर एक तिरकी भेग असून तिने दोन अक्षरे दुभंगली आहेत." माझ्या सुरकुतीला त्याने दगडाची भेग समजून छापून टाकलं होतं. दगड बघितला असता तर ही चूक झाली नसती. त्याने कागद बघितला होता, आणि तो कागद माझ्या कपाटाबाहेर कुणी बघणं शक्य नव्हतं.

मी लेखाखालचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचलेलं मला नको होतं.

ब्रश काढायला माझं कपाट रोज उघडणारा आणखी एक जण होता. माझ्या डब्यातलं निम्मं खाणारा.

जिना उतरताना पुतणी म्हणाली, "काकू, बाबांनी शपथ घातलीय, पण आता सांगते. ते पंधरा दिवस बाबा देवळावर नव्हतेच. माझ्याकडे होते. डोळ्याचं ऑपरेशन झालं त्यांचं. दुसऱ्या डोळ्याने तर आता जवळजवळ दिसतच नाही. साहेबच म्हणाले होते, रजेचा अर्ज करू नका, डोळ्याचं कळलं तर राखणदारी जाईल. किल्ली माझ्याकडे द्या आणि निर्धास्त जा."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"बाबा म्हणाले, माणसाने उपकार केलेत."

घड्याळात दहा वाजून गेले होते.

७

बाराच्या ठोक्याला मंडपात आम्ही सगळे जमलो. वरच्या कचेरीच्या अधिकारी बाई एका पडलेल्या खांबावर वही घेऊन बसल्या होत्या. साहेब उभे. भाऊजी भिंतीला टेकून, पुतणी त्यांच्या शेजारी.

"खुलासा मी देते," मी म्हटलं आणि कुणी नको म्हणायच्या आत सुरुवात केली. आधी आखडलेलं माप सांगितलं: नक्कल कागदावरून कोरली. मग रेघ: तो कागद कुठला, तर सुरकुती पडलेला, जगात एकच. मग अंक उघडून अधिकारी बाईंच्या मांडीवर ठेवला. "आणि तो कागद कुणाजवळ होता ते इथे छापलंय. किल्लीचं म्हणाल तर ती सहा वर्षांपूर्वी भाऊजींकडून यांनीच मागून घेतली, त्यांना दवाखान्यात पाठवून. काल हे मला भेटले तोवर मी कागदाबद्दल कुणाशी अवाक्षर बोलले नव्हते. तरी यांनी मला माझ्या कपाटाची आठवण करून दिली. माझ्या कपाटाचा इथे काय संबंध होता, साहेब?"

साहेब हसले. तेच हसू, डबा उघडताना हसायचा ते.

"बाईंचा दीर आहे, जीव तुटतो, मी समजू शकतो. पण मॅडम, रजिस्टर बघा. मी आणलंय. पहिला ठसा सदोष, फाडून नष्ट केला. खाली बाईंची सही. फाडलेल्या कागदावरून कुणी काय कोरणार, आणि मी तरी काय वाचणार? लेखात माझी नजरचूक झाली असेल. उमेदवार होतो." मग माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात, "बाई, तुमची सही खोटी कशी असेल?"

त्याला पक्कं ठाऊक होतं मी काय सांभाळत आलेय. तीस वर्षांत एक डाग नाही, हे माझं एकच वैभव. संग्रहालयात माझ्या ठशांखाली माझं नाव आहे. बाकी कुठे नाही.

"खोटी आहे," मी म्हटलं.

अधिकारी बाईंचं पेन थांबलं. "नीट विचार करून बोला. ही खोटी म्हटलीत तर बाकीच्या सह्यांचं आम्ही काय समजायचं? तुमचे सगळे ठसे पुन्हा तपासावे लागतील. तोवर तुमचं नाव त्यांच्याखाली ठेवता येणार नाही."

"काढा. कागद फाडला नव्हता. मी खोटं लिहून सही केली. हवं तर आत्ता लिहून देते."

आणि दिलं लिहून. अक्षर वाईट आलं. साहेब ते अक्षर बघत राहिले. माझ्या सहीपर्यंत त्यांना वाटत होतं की मी माघार घेईन.

"इथे राहून काय होणार होतं त्या दगडाचं?" ते शेवटी म्हणाले. आवाज वेगळाच होता. "वर्षाला बारा माणसं, त्यांतली चार रस्ता चुकून. वटवाघळं शिटत होती त्याच्यावर. जिथे आहे तिथे निदान त्याच्यावर दिवा लावून लोक बघतात." दगड कुणाच्या घरी आहे ते त्यांनी सांगितलं. अधिकारी बाईंनी लिहून घेतलं.

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. तो गाडीत बसून गेला तेव्हा मी पाठ फिरवून उभी होते.

८

अधिकारी बाई न्यायाने वागल्या. चोरीचा आळ भाऊजींवरून काढला. पण पंधरा दिवस गैरहजर, दिसत नाही हे लपवलेलं, तेव्हा राखणदारी संपली. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या. पुतणी म्हणाली, बाबा माझ्याकडे राहतील, आणि ती खाली गाडी वळवायला गेली.

मंडपात मी आणि भाऊजी राहिलो.

"उपकारापायी तुरुंगात जाणार होतात?" मी चिडूनच विचारलं. "त्या माणसासाठी तोंड शिवून बसलात?"

"त्याच्यासाठी नव्हे," भाऊजी म्हणाले. "सोमवारी दगड आडवा केला तेव्हा मी त्याच्यावर हात फिरवला, वहिनी. मला आता हातानेच दिसतं. सातव्या ओळीत ती चुणी लागली. कागद मीच धरला होता ना तेव्हा. आणि तुम्ही तो फाडला नाहीत हे मला ठाऊक होतं, कपाट झाडायचो मी."

"मग?"

"मग मला वाटलं, तुम्हीच. किल्ली साहेबांकडे, साहेब तुमच्या हाताखालचे. दादा गेल्यावर एकट्या पडलात, काहीतरी अडचण आली असेल. किल्लीचं सांगितलं असतं तर साहेब अडकले असते, आणि साहेबांवरून तुम्ही. तुम्हाला या वयात ते झेपलं नसतं."

काल याच टेकडीवर मी त्यांना तोंडावर चोर म्हटलं होतं. त्यांनीही मला चोर समजलं होतं, आणि मला वाचवायला स्वतः जायला निघाले होते. इतकी लाज मला त्या रजिस्टरपायीही वाटली नव्हती.

"म्हणजे तुम्ही नव्हता?" भाऊजींनी विचारलं.

"नव्हते मी, भाऊजी."

"खरंच नव्हता?"

"नव्हते."

नोकरी गेली होती, राहतं घर गेलं होतं, आणि तो माणूस दोन्ही हातांनी डोळे पुसत हसत होता. पायऱ्या उतरताना त्यांनी माझा दंड धरला, कारण त्यांना पायरी दिसत नव्हती, आणि अर्ध्या वाटेवर थांबून पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.